पवना धरण परिसरात ट्रेकला जाताय? गड कोणता, धोका कुठे आणि गावातला वाटाड्या का हवा?

पहिला दमदार पाऊस झाला की पिंपरी-चिंचवडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "रविवारी कुठे जायचं?" उत्तरंही ठरलेली असतात. लोहगड, तिकोना, नाहीतर थेट पवना. रील पाहून बेत ठरतो, गाड्या निघतात आणि वाटेत कुणीतरी विचारतं, "पण वाट कुणाला माहिती आहे का?"

हा प्रश्न निघायच्या आधी विचारायला हवा. पवना परिसरातले गड चढायला फार अवघड नाहीत आणि बहुतेक नवख्यांची सुरुवात इथूनच होते. तरीही मावळात दर पावसाळ्यात जीव जातात. त्यातले बरेचसे अपघात कड्यावर होत नाहीत, ते ओढ्यात, धबधब्याखाली आणि जलाशयात होतात. म्हणूनच कोणता गड निवडायचा, पाण्याचा धोका कसा ओळखायचा आणि गावातल्या माणसाला सोबत का घ्यायचं, हे समजून घेऊ.

पवना परिसर म्हणजे नेमका कुठला?

पवना नदीवरचं धरण मावळ तालुक्यात पवनानगरजवळ आहे. १९७२ च्या सुमारास ते पूर्ण झालं. त्याची साठवण क्षमता सुमारे ८.५ टीएमसी आहे. जलाशयाच्या भोवती चार किल्ले उभे आहेत. उत्तरेला लोहगड आणि विसापूर ही जोडगोळी, धरणाच्या बाजूला तिकोना आणि पश्चिमेकडे सुळक्यासारखा तुंग. जुन्या काळी पवन मावळावर आणि घाटवाटांवर लक्ष ठेवायला ही जागा मोक्याची होती. आज त्याच किल्ल्यांवरून पाण्याचे फोटो काढले जातात.

लोहगडाची एक नवी ओळखही आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं 'मराठा लष्करी भूप्रदेश' म्हणून ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात लोहगड आहे. त्यामुळे गर्दी वाढेल, कमी होणार नाही.

संत तुकाराम नगरहून जायचं कसं?

लोकलनं जायचं असेल तर मेट्रोनं एक स्थानक पुढे पीसीएमसीला उतरा आणि पिंपरी रेल्वे स्टेशन गाठा. लोणावळा लोकल साधारण तासाभरात मळवलीला सोडते. मळवलीहून भाजे गाव, भाजे लेणी, मग वर गायमुख खिंड. खिंडीच्या एका हाताला लोहगड, दुसऱ्या हाताला विसापूर. लोहगडवाडीपर्यंत चालायला नवख्यांना दोनेक तास लागतात. परतीच्या लोकलचं वेळापत्रक आधीच पाहून ठेवा, कारण दुपारी दोन गाड्यांमध्ये मोठं अंतर असू शकतं.

तिकोन्यासाठी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं कामशेत, तिथून डावीकडे पवनानगर आणि पुढे तिकोनापेठ. तुंगला लोणावळ्याहून अँबी व्हॅलीच्या रस्त्यानं घुसळखांब आणि मग तुंगवाडी.

एक फायदा मात्र आपल्या पट्ट्यातल्यांनाच आहे. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत अनेकांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. ज्यांना ती आहे, त्यांनी रविवारच्या मागे लागूच नये. जुलै २०२३ मध्ये लोहगडच्या दरवाजात हजारो लोक अडकून पडल्याचे व्हिडिओ आठवत असतील. तो रविवार होता. पुढे सरकता येत नाही, मागे फिरता येत नाही आणि पायाखाली ओल्या पायऱ्या, अशी ती अवस्था होती. गुरुवारी तोच गड बराच मोकळा मिळतो.

आणखी एक. रात्रपाळी संपवून थेट ट्रेकला जाऊ नका. झोप न झालेला माणूस चढताना निभावून नेतो, घसरतो तो उतरताना.

चार गड, चार स्वभाव

* लोहगड (सुमारे ३,४०० फूट): चौघांत सर्वांत सोपा. पायथ्यापासून पायऱ्या आहेत, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीनं लागतात. पुरातत्त्व खात्याचं तिकीट आहे. जपायचं ते विंचूकाट्यावर. ही लांब, चिंचोळी माची आहे. तिच्यावर जायला थोडं खडकातून उतरावं लागतं. धुकं किंवा जोराचा वारा असेल तर वरूनच पाहून परत या.

* विसापूर (सुमारे ३,५५० फूट): लोहगडच्या शेजारी असला तरी त्याच्यापेक्षा उंच आणि पसरट. माथा इतका मोठा आहे की धुक्यात दिशा कळत नाही. चढायला एकाहून जास्त वाटा आहेत आणि पायऱ्यांच्या एका वाटेवरून पावसाळ्यात पाणीच वाहत असतं. रील इथलीच असते. पण वाट चुकण्याचा धोका चार गडांत इथेच सर्वांत जास्त आहे. पहिल्यांदा जात असाल तर विसापूरला माहीतगाराशिवाय जाऊ नका.

* तिकोना (सुमारे ३,५०० फूट): तिकोनापेठेतून तास-दीड तासाचा चढ. शेवटच्या टप्प्यातल्या पायऱ्या उंच आणि अरुंद आहेत. चढणारे आणि उतरणारे तिथे समोरासमोर येतात. लहान मुलं सोबत असतील तर सकाळी लवकर चढून गर्दीच्या आधी उतरलेलं बरं.

* तुंग (सुमारे ३,५०० फूट): चढ थोडा, पण उभा. वाट अरुंद, एका बाजूला दरी आणि वर जागा कमी. जोराच्या वाऱ्यात आणि निसरड्यात हा गड नवख्यांसाठी नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे त्याचे दिवस.

खरा धोका कुठे? पाण्यात

पुणे शहरात वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्यात तो चार हजार मिलिमीटरच्या वर जातो. म्हणजे पिंपरीत तुम्ही छत्री मिटून चहा घेत असता, तेव्हा तासाभराच्या अंतरावर घाटमाथ्यावर धो धो पाऊस चालू असू शकतो.

हा भाग काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. खडकावर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. पाणी मुरत नाही, सरळ खाली धावतं. त्यामुळे इथला ओढा काही मिनिटांत घोट्यापासून कमरेपर्यंत चढू शकतो. तुम्ही उभे आहात तिथे ऊन असलं, तरी वरच्या डोंगरात कोसळलेला पाऊस तुमच्यापर्यंत पोहोचतोच.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हेच घडलं. हडपसरहून फिरायला आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात चार मुलं होती. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या माणसांचा व्हिडिओ देशभर पाहिला गेला. ती माणसं पुरात उतरली नव्हती. ती उतरली तेव्हा पाणी कमी होतं, पूर नंतर आला.

१५ जून २०२५ ला, तोही रविवारच, मावळात कुंडमळा इथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भारानं कोसळला. चार जणांचा मृत्यू झाला, अनेक जखमी झाले. पाणी पाहायला जमलेले लोक ज्या पुलावर उभे होते, तोच खाली गेला.

ओढा वाढणार हे ओळखायचं कसं? गावातली माणसं या खुणा पाहतात:

* स्वच्छ पाणी अचानक गढूळ होतं.
* पाण्याबरोबर पालापाचोळा, काटक्या वाहून यायला लागतात.
* पाण्याचा आवाज बदलतो, खोल आणि जड होतो.
* वरच्या बाजूचा डोंगर ढगात दिसेनासा होतो.

यातलं एकही दिसलं तर फोटो, बॅग, चप्पल सगळं सोडून काठावर या. काठावर म्हणजे प्रवाहाच्या पातळीपेक्षा बरंच वर. गुडघ्याच्या खाली असलेलं पाणीसुद्धा वेगात असेल तर मोठ्या माणसाचा पाय उचलतं. आणि पलीकडे अडकलात तर? थांबा. पाऊस ओसरला की अशा छोट्या ओढ्यांचं पाणी बहुतेक वेळा काही तासांत उतरतं. उशीर झाला म्हणून घरचे रागावतील, एवढंच होईल.

जलाशयाचं वेगळं आहे. पवनेचं पाणी वरून शांत दिसतं. पण धरणाचा तळ म्हणजे पोहण्याचा तलाव नव्हे. पाण्याखाली जुनी शेतं, बांध, नाले आणि नदीचं मूळ पात्र आहे. एका पावलाला कंबरभर पाणी आणि पुढच्या पावलाला तळच नाही, असं होऊ शकतं. काठाला गाळ असतो, त्यात पाय रुततो. चांगलं पोहता येणारेही इथे बुडाले आहेत. म्हणून पवनेत उतरायचं नाही. दारू पिऊन तर नाहीच नाही. बोटीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट अंगावर हवं, पायाशी नको.

हवामानाचा अंदाज कुठला पाहायचा?

बरेच जण फोनवर 'पिंपरी' किंवा 'पुणे' टाकून अंदाज पाहतात. ही चूक आहे. हवामान विभाग पुण्याच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतो. तो पाहा. घाटमाथ्याला लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर बेत रद्द करा. पिवळा असेल तर ओढे ओलांडावे लागणार नाहीत अशीच वाट निवडा.

भुशीच्या दुर्घटनेनंतर पुणे जिल्हा प्रशासनानं धबधबे, धरणं आणि गडांच्या परिसरात पावसाळ्यातले निर्बंध लावले होते. खोल पाण्यात उतरणं, धोकादायक जागी सेल्फी काढणं यावर बंदी होती. असे आदेश पावसाळ्यात पुन्हा निघू शकतात. निघायच्या आदल्या रात्री त्या ठिकाणी बंदी आहे का, हे तपासा. अर्ध्या वाटेतून पोलिसांनी परत पाठवलं तर चूक पोलिसांची नसते.

मग वाटाड्या का हवा? गुगल मॅप आहे की

मॅप वाट दाखवतो. पण काल रात्री दरड आली का, ओढा आज ओलांडण्यासारखा आहे का, हे त्याला माहीत नसतं. गावातल्या माणसाला माहीत असतं, कारण तो सकाळीच गुरं घेऊन तिकडून आलेला असतो.

इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगर आणि तळ्यांचा प्रदेश आहे. तिथे हिवाळ्यात रोज एक जण हेल्वेलिन नावाच्या डोंगरावर चढतो. वरचा बर्फ, वारा, वाटेची अवस्था पाहून तो अहवाल लिहितो आणि लोक तो वाचून बेत ठरवतात. आपल्याकडे पायथ्याच्या गावातला वाटाड्या तोच अहवाल तोंडी देतो. फक्त त्याला विचारावं लागतं.

कसा शोधायचा? लोहगडवाडी, भाजे, तिकोनापेठ, तुंगवाडी या पायथ्याच्या गावांत चहा-नाश्त्याची घरगुती हॉटेलं आहेत. तिथे बसा, चहा घ्या आणि "दादा, वर यायला कुणी मिळेल का?" असं विचारा. जेवण सांगून ठेवलंत तर बोलणं आणखी सोपं होतं. पैसे आधी ठरवा आणि ठरलेले पूर्ण द्या. खाली आल्यावर घासाघीस करू नका.

काय विचारायचं? "वाट सोपी आहे का?" हा प्रश्न उपयोगाचा नाही. रोज चढणारा माणूस "हितंच हाय, धा मिन्टं" असं म्हणणार. त्याची दहा मिनिटं म्हणजे आपली अर्धा-पाऊण तास. त्याऐवजी हे विचारा:

* आम्ही नवखे आहोत, आम्हाला किती वेळ लागेल?
* वाटेत ओढा ओलांडावा लागतो का? आज त्याला पाणी किती आहे?
* मावशी, तुमची पोरं असती तर आज वर पाठवली असती का?
* किती वाजता परत फिरायचं?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ठरलेली वेळ झाली की गड माथ्यापासून पाच मिनिटांवर असला तरी मागे वळायचं. आणि वाटाड्यानं "आज नको" म्हटलं, तर वाद घालायचा नाही. त्यानं न चढता परत आणलं, तरी त्याचे पैसे द्या. पैसे बुडतील या भीतीनं तो तुम्हाला वर नेणार असेल, तर त्या वाटाड्याचा काही उपयोग नाही.

इन्स्टाग्रामवरच्या ग्रुपसोबत जाताना काय तपासायचं?

राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असं त्यात आहे. त्यामुळे "नोंदणी आहे का?" हे विचारणं तुमचा हक्क आहे. त्याबरोबर एवढंही विचारा:

* एका लीडरमागे किती माणसं? सर्वांत शेवटी कोण चालणार?
* प्रथमोपचार कुणाला येतात?
* गावातला माणूस सोबत आहे का?
* इशारा आला तर ट्रेक रद्द करणार का आणि पैसे परत मिळणार का?

"काही होत नाही हो, दर आठवड्याला जातो" असं उत्तर आलं तर दुसरा ग्रुप शोधा.

पावसाळ्यानंतर काय बदलतं?

ऑक्टोबरपासून पाण्याचा धोका कमी होतो, दुसरे वाढतात. गडांच्या कड्यांना आग्या मोहोळ असतात. उग्र अत्तर, धूर, दगड मारणं, जोरात गाणी लावणं टाळा. माश्या उठल्या तर झटकत उभं राहू नका. तोंड आणि डोकं झाकून वाटेवरूनच लांब जा.

मार्चनंतर ऊन तापतं. माणशी किमान तीन लिटर पाणी घ्या, टाक्यातल्या पाण्यावर विसंबू नका. कंपनीचे सेफ्टी शूज चालायला जड पडतात, खाचा असलेल्या तळव्याचे साधे बूट बरे.

ठाकूरसाई, ब्राह्मणोली अशा गावांत जलाशयाकाठी तंबूत राहण्याची सोय होते. थंडीत तंबूच्या आत शेगडी किंवा निखारे कधीच नेऊ नका. बंद तंबूत साचणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो.

अडचण आली तर?

११२ लावा. तुमच्या सिमला रेंज नसली, तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क असेल तर हा नंबर लागू शकतो. मावळात शिवदुर्ग मित्र, लोणावळा आणि वन्यजीव रक्षक मावळ या संस्थांचे स्वयंसेवक वर्षानुवर्षं बचावाचं काम करत आहेत. दोर, स्ट्रेचर घेऊन रात्री-अपरात्री डोंगरात जाणारी ही माणसं आपापली कामं सोडून येतात. त्यांना नेमकी जागा सांगा आणि सांगितलेल्या जागेवरून हलू नका.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. चावलेला अवयव हलू न देता माणसाला दवाखान्यात न्या. आपल्या संत तुकाराम नगरात वायसीएम रुग्णालय आहे, पण पिंपरीपर्यंत येण्यात वेळ घालवू नका. आधी जवळचं सरकारी रुग्णालय गाठा.

निघताना घरी एका माणसाला गडाचं नाव, गावाचं नाव आणि परतीची वेळ सांगा. रेंज गेल्यावर शोध इथूनच सुरू होतो.

आणि शेवटचं: ते पाणी आपलंच आहे

पिंपरी-चिंचवडच्या नळाला येणारं बहुतांश पाणी पवना धरणाचं. धरणातून ते नदीत सोडलं जातं, रावेतला उचललं जातं, निगडीत शुद्ध होतं आणि घरात येतं. जलाशयाकाठी टाकलेली बाटली, प्लेट आणि उष्टं शेवटी आपल्याच दिशेनं वाहतं.

या पाण्यासाठी मावळातल्या गावांनी जमिनी दिल्या. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशकं चालला. धरणातून शहरापर्यंत बंद जलवाहिनी टाकायचं ठरलं, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ ला बऊर इथे द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांनी आंदोलन केलं. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी गेले. ज्या गावात आपण गाडी लावतो, तिथल्या माणसांना हे आठवतं. शेतातून वाट काढताना, बांधावर बसताना, रात्री स्पीकर लावताना आपल्यालाही आठवायला हवं.

वाटाड्याला दिलेले पैसे, गावात घेतलेलं पिठलं-भाकरीचं जेवण, ग्रामपंचायतीच्या पावतीचे वीस-तीस रुपये हे उपकार नव्हेत. वर्षभर आपण पितो त्या पाण्यापुढे ती रक्कम लहानच आहे.

थोडक्यात: घाटमाथ्याचा अंदाज पाहा. पहिला गड लोहगड किंवा तिकोना निवडा. पायथ्याला चहा घेऊन वाटाडा ठरवा. ओढ्याच्या मधोमध उभं राहू नका, जलाशयात उतरू नका. परतीची वेळ पाळा. आणि "आज नको" असं कुणी गावकरी म्हणाला, तर त्याचं ऐका.